‘मडी’ म्हणजे कुठला चिखल?

चतुर्थीआधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घुमट, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेलं मडक्याचं वाद्य, घेणाऱ्यांकडे जरा लक्ष देऊन पाहावं. माणूस मडकं उचलतो, चामड्यावर बोटांनी दोन थापा देतो, मागच्या लहान तोंडावर तळवा ठेवून पुन्हा वाजवतो आणि खाली ठेवतो. ‘‘बद्द वाजतंय.’’ विकणारा वाद घालत नाही, दुसरं घुमट पुढे करतो. एका शब्दात निकाल लागतो, कारण बद्द म्हणजे काय ते दोघांच्याही कानांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं.

त्याच चतुर्थीला भाचा बेंगळुरूहून आला, तो गळ्यात नवे हेडफोन घालूनच. कसे आहेत म्हणून विचारलं. ‘‘बास मस्त आहे मामा, पण जरा मडी वाटतो. आणि साउंडस्टेज नाही.’’ बास म्हणजे खर्ज, मडी म्हणजे चिखलाळ, इतपत इंग्रजी मलाही येतं. पण आवाजात चिखल कुठे असतो, हे काही त्याला नीट सांगता येईना.

ही भाषा आली कुठून? अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक काढलं. यंत्राच्या कागदावरच्या आकड्यांपेक्षा कानाला काय ऐकू येतं ते लिहायचं, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी शब्द लागले. काही उजेडातून उचलले, काही स्पर्शातून, काही चक्क हवामानातून. पण आवाजाला शब्द चिकटवण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गळ्यांच्या चार जाती सांगितल्या आहेत. त्यातली एक बोंबक, म्हणजे एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ, निःसार आवाज. असा नेमका शब्द एखाद्या हेडफोनच्या परीक्षणात मला अजून भेटायचा आहे.

आता तो चिखल. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेले आवाज ऐकतो. आवाज ‘मडी’ वाटतो तेव्हा बहुतेक वेळा २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी झालेली असते. पण खालच्या पट्टीतल्या गर्दीने वरचे स्वर का गढूळ व्हावेत? याचं उत्तर कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्या लांबीभर एक पातळ पडदा. उंच स्वरांची जागा या पडद्याच्या दाराजवळच्या टोकाला, खर्जाची अगदी आत, शेवटी. आवाज शिरला की या पडद्यावरून लाट धावते. ती पाहून दाखवल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. खर्जाची लाट आपल्या घरी पोहोचण्याआधी उंच स्वरांच्या अंगणातून जाते आणि जाताना तिथलं सगळं हलवून जाते. उंच स्वरांची लाट मात्र दारातच विरते, खर्जाच्या घरापर्यंत तिची मजल जात नाही. म्हणून जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो तितका बारीक आवाज जाडाला झाकत नाही.

भजनाच्या बैठकीत पखवाजाचा माइक कुणी वाढवून ठेवला, तर बुवांचा सूर ऐकू येतो पण अभंगाचे शब्द कळत नाहीत. त, क, स अशा व्यंजनांची ओळख बरीचशी २,००० हर्ट्झच्या वर असते, आणि झाकली जातात ती तीच. भाच्याच्या मडीला आपला ‘गढूळ’ चालेल. ‘बद्द’ नको. बद्दमध्ये गर्दी नसते, उलट टणत्कारच नसतो.

गढूळच्या दुसऱ्या टोकाला चिरका. इंग्रजीत त्याला ‘ब्राइट’, म्हणजे उजळ म्हणतात. आपण मात्र आवाजाची धार पाहतो: धारदार, टोकदार, कानात घुसणारा. प्रयोगशाळेनेही धारेच्याच बाजूने कौल दिला. फॉन बिस्मार्क या जर्मन संशोधकाने १९७४ साली विरुद्धार्थी विशेषणांच्या जोड्या देऊन लोकांकडून आवाज जोखून घेतले. सगळ्यांत जास्त फरक दाखवणारा गुण ठरला तो तीक्ष्णपणा. आवाजातली शक्ती वरच्या पट्टीकडे जितकी सरकेल तितका तो तीक्ष्ण. त्याला मोजमापही आहे, नाव ‘अकम’. १,००० हर्ट्झभोवतीचा अरुंद पट्ट्यातला, ६० डेसिबलचा खरखराट म्हणजे एक अकम. मिरचीच्या तिखटाला स्कोव्हिल, तसं हे. आणि ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते, तो दोष सहसा ५,००० ते ८,००० हर्ट्झमधला. विष्णुसहस्रनाम लावून पाहावं, पाच मिनिटांत हेडफोन पास की नापास ते कळतं.

मला सर्वांत आवडणारा शब्द ‘व्हेल्ड’, पडद्याआडचा. हा तर गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायलाच नको. देवळाच्या जत्रेतल्या नाटकाला पडदा वर जाण्याआधी आतून नांदीचे सूर येतात, तेव्हा सूर असतात पण त्यांची झळाळी नसते. जाड कापड उंच कंपनं खाऊन टाकतं आणि खालची सोडून देतं. हेडफोनला कापड नसतं, मग पडदा कुठून येतो? आपल्या कानाची वाट ही सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी आहे. अशी नळी ३,००० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते. जन्मापासून आपण सगळं जग या उंचवट्यासकट ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला जाणवतही नाही. कानात खोचायचा इअरफोन ही वाट अर्धीअधिक बुजवतो, घुमण्याची जागा सरकते, आणि गेलेला उंचवटा त्या इअरफोननेच भरून द्यावा लागतो. नाही दिला, की पडदा पडलाच. म्हणजे कानाच्या पडद्यापाशी मोजल्यावर ज्याचा आलेख सरळ रेषेत येतो, तो इअरफोन ऐकायला सरळ वाटत नाही. २०१० नंतरच्या दशकात हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना बसवून चाचण्या घेतल्या. बहुतेकांना आवडला तो चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाटणारा आवाज.

साउंडस्टेजचं थोडक्यात, म्हणजे कोणता वादक कुठे बसलाय हे नुसतं ऐकून कळणं. सभामंडपात डावीकडचा पखवाज आपल्या दोन्ही कानांत पोहोचतो, फक्त उजव्यात किंचित उशिरा, फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांश, आणि थोडा मंद होऊन. कानाची पाळीही आपली भर घालते. हेडफोनमध्ये डावं ते डाव्यातच राहतं, म्हणून मेंदूला वादक समोर बसवता येत नाही. ‘‘डोक्यात वाजतंय’’ ही घरातल्या म्हाताऱ्यांची तक्रार शास्त्राला धरून आहे.

‘फास्ट बास’ हा शब्द मात्र मला मुळीच पटत नाही. ५० हर्ट्झच्या एका कंपनाला २० मिलिसेकंद लागतातच, त्यात घाई करता येत नाही. लोकांना म्हणायचं असतं ते बहुधा एवढंच, की थाप संपल्यावर घुमारा रेंगाळत नाही. त्याला आटोपशीर म्हणावं.

आणि बराचसा दोष हेडफोनचा नसतोच. भाच्याच्या चष्म्याच्या काडीमुळे उजव्या गादीला फट राहत होती. पाठीमागून बंद असलेल्या हेडफोनच्या गादीला फट पडली की खर्ज तिथून गळून जातो. चष्मा काढल्यावर ‘‘अरे, बास आणखी आहे की!’’ म्हणाला. आवाज किती मोठा ठेवला यावरही शब्द बदलतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की आवाज लहान केला की कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. तोच हेडफोन दुपारी भरदार आणि रात्री हळू लावला की किरटा, असा घोळ त्यातून होतो. दुकानात दोन हेडफोनांतला जो जरा मोठा वाजतो तो सरस वाटतो, त्यातही याचा हात असतो.

शेवटी त्याने ‘एअरी’ शब्द काढला, म्हणजे हवेशीर. १०,००० हर्ट्झच्या वरची ती बारीक सळसळ, झांजेचा नाद विरताना राहते ती. आम्ही केरीच्या केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. गळा छाती भरून टाकणारा, पण हवा नाही. लाखेच्या तबकडीत ती मुळात उतरतच नसे, तेव्हा कितीही महाग हेडफोन ती आणणार कुठून? मग भाच्याने फोनवर १४,००० हर्ट्झचा नुसता सूर लावला आणि चट्कन कपाळाला आठ्या घातल्या. वय वाढतं तशा कानातल्या वरच्या पट्टीच्या पेशी आधी जातात, आणि माझी साठी जवळ आलीय. मी हेडफोन कानांवर दाबून धरले. मला फक्त पंख्याचा आवाज येत होता.