मे महिना, बुटाची लेस आणि आपला आगाऊ हात

शाळा चालू असते तेव्हा आमच्या बिल्डिंगखाली सकाळी ६.५० ला स्कूल व्हॅनचा हॉर्न वाजतो, आणि त्याच्या आधीच्या १० मिनिटांत मी ७ वर्षांच्या धडधाकट पोराला बाहुलीसारखं तयार करत असते, म्हणजे एका हाताने भांग, दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं, मधेच तोंडात पोळीचा रोल कोंबायचा, आणि बुटाच्या लेस तर मी खाली बसून बांधते कारण त्याने बांधायला घेतल्या तर व्हॅन गेलीच म्हणून समजा. हे चुकतंय हे कळत नाही असं नाही. पण ६.५० ला तत्त्वं कोणाला परवडतात?

आता सुट्टी लागली. व्हॅन नाही, हॉर्न नाही. परवा संध्याकाळी खाली खेळायला जाताना त्याने नुसता पाय पुढे केला आणि मी वाकलेसुद्धा. घाई कुणालाच नव्हती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की सवय त्याला एकट्याला लागलेली नाहीये.

दरवर्षी मे महिन्यात व्हॉट्सअॅपवर "सुट्टीत मुलांना ही २० कामं शिकवा" छापाच्या याद्या फिरतात, तशी यादी मी देणार नाहीये, कारण कामं सगळ्यांना माहितीच असतात. गादी आवरणं, ताट उचलणं, बाटली भरणं. गोची कामात नसते, आपल्या हातात असते. आणि हे मी नुसतं आई म्हणून म्हणत नाहीये, यावर चक्क प्रयोग झालेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जूलिया लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४-५ वर्षांच्या मुलांना अवघड कोडी दिली. काही मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसाने "अरे अवघड आहे हे, थांब, मी करून देते" म्हणत कोडं स्वतः सोडवून टाकलं, काहींना फक्त कसं करायचं ते शिकवलं आणि हात मुलाचाच चालू दिला. नंतर सगळ्यांना एक वेगळंच अवघड काम दिलं. ज्यांचं कोडं मोठ्यांनी हातातून घेतलं होतं त्या मुलांनी या नव्या कामातून लवकर अंग काढून घेतलं. एवढ्याशा, काही मिनिटांच्या प्रसंगाचा हा परिणाम! आमच्याकडे तर रोज सकाळी १० मिनिटं, वर्षभर.

मग काय, नुसतं सोडून द्यायचं का? तर तेही नाही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला आणि शिकवणारा नेमकी कशी मदत करतो ते बारकाईने टिपलं. त्या मदतीला त्यांनी जो शब्द वापरला त्याला आपल्याकडे बांधकामावर परांची म्हणतात, म्हणजे इमारत उभी राहीपर्यंत बांबू बांधायचे, आणि भिंत धरली की काढून घ्यायचे. पुढे वुड यांच्याच कामातून एक साधा नियम पुढे आला, मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की लगेच एक पायरी कमी करायची. आपण वाढवतो बरोबर, कमी करायला विसरतो. काही घरांत परांची लग्नापर्यंत तशीच असते (आमच्या घरातलं उदाहरण सध्या टॉवेल शोधतंय, त्यामुळे जास्त बोलत नाही).

लेसचंच सांगते. लेस बांधणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही, दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी करत असतात आणि ते मेंदूला जुळवायला वेळ लागतो, बहुतेक मुलांना ५ ते ७ च्या दरम्यान कधीतरी जमतं. मी आधी पहिल्यापासून शिकवायला जायचे, फुली मार, खालून घाल, कान कर, आणि तिसऱ्या पायरीला तो वैतागून पाय आपटायचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट लोक हे उलटं करतात. सगळं मोठ्यांनी करायचं आणि फक्त शेवटची पायरी, दोन्ही कान धरून खेचणं, मुलाला द्यायची. ते जमलं की शेवटच्या दोन. मग तीन. यात गंमत अशी की प्रत्येक वेळी काम पूर्ण मुलाच्याच हातून होतं, अर्धवट सोडून रडारड असा शेवटच होत नाही. पहिल्या दिवशी त्याने नुसते कान खेचले आणि "बांधली!" म्हणून लिफ्टमध्ये शेजारच्या काकांना बूट दाखवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा कान भोकातून ओढायला लागला. सध्या आम्ही गुंडाळण्यावर अडकलोय, तिथे त्याचा अंगठा मधे येतो, आणि त्या अंगठ्याला हात न लावता बघत बसणं हा माझा सध्याचा योगाभ्यास आहे.

बघत बसण्याचा दुसरा किस्सा लिंबू सरबताचा. म्हणाला मी एकटा करणार, तू बोलायचं नाही. बरं. लिंबू मी कापून दिलं. पिळलं त्याने, निम्म्या बिया पातेल्यात, मग माठातलं पाणी, मग ट्रेभर बर्फ आणि शेवटी साखर. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं की अरे साखर आधी! दात ओठ खाऊन गप्प बसले. ढवळ ढवळ ढवळलं, साखर तळाशी ढिम्म. चव घेतली, आंबट. अजून दोन चमचे साखर. परत आंबट. "ही साखर खराब आहे." मी गप्पच. सगळं पिऊन झाल्यावर पेल्याच्या तळाशी पाकासारखा गोड गाळ निघाला तो त्याने बोटाने चाटला आणि बराच वेळ पेल्यात बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने बर्फाला हात लावायच्या आधी साखर विरघळवून घेतली, मला न विचारता. कोमट पाण्याचे रेणू जोरात हलत असतात म्हणून साखरेचे रेणू पटापट सुटे होतात, गार पाण्यात ते सगळं संथ होतं, हे मी नंतर सांगितलं आणि तेव्हा त्याला ते ऐकायचं होतं, आदल्या दिवशी सांगितलं असतं तर कानामागे गेलं असतं.

याचं कारण मेंदूत आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर काम करून १९९० च्या दशकात दाखवलं की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी नुसत्या बक्षिसाला दाद देत नाहीत, त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातल्या फरकाला दाद देतात. अनपेक्षित बक्षीस मिळालं की त्या उसळतात, हमखास मिळणारं मिळालं तर ढिम्म, आणि अपेक्षेप्रमाणे मिळालं नाही तर त्यांचं काम मंदावतं. आणि त्या फरकावरूनच पुढची शिकवण होते. योगायोग बघा, त्या माकडांनाही फळांचा रसच देत होते. म्हणजे आपण आधीच टोकून चूक होऊच दिली नाही तर फरक पडतच नाही, आणि फरक नाही तर मेंदूला नोंद करण्यासारखं काही राहत नाही. अर्थात हे सरबताला लागू, गॅसच्या शेगडीला नाही, तिथे मी आधीच टोकते आणि टोकणारच.

आता माझी ३ वर्षांची भाची. ती आली की घरात एकच शब्द घुमतो, लुडबूड. पोळ्या करताना लाटणं ओढते, केर काढताना झाडूला लोंबकळते. आपण म्हणतो जा खेळ जा. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या २४ बाळांसमोर एक माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि त्याचा हात पोचत नाही, किंवा हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर धडकतो असे प्रसंग उभे केले. २४ पैकी २२ बाळांनी कधी ना कधी मदत केली, न सांगता, बक्षिसाशिवाय. तोच चिमटा माणसाने मुद्दाम फेकला तर मात्र ती सहसा उचलायला गेली नाहीत! म्हणजे कोणाला खरंच गरज आहे हे त्यांना दीड वर्षात कळतं. लुडबूड म्हणजे तेच, फक्त हात कच्चे असतात.

बार्बरा रोगॉफ आणि लुसिया अल्काला यांच्या गटाने मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा भागात ६ ते ८ वर्षांच्या मुलांच्या आयांना घरकामाबद्दल विचारलं. मूळनिवासी परंपरेतल्या घरांतली बरीच मुलं आपणहून मोठी कामं अंगावर घेत होती, शहरी शिकलेल्या घरांत ते फार कमी. तिकडे यासाठी 'आकोमेदीदो' असा शब्द आहे, म्हणजे काम ओळखून न सांगता हात लावणारा. आणि त्या घरांत लहान मुलांना कामातून हाकलत नाहीत, काम लांबलं तरी चालतं. हे वाचताना मला आजीचं घर आठवलं. मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले की आम्हा पोरांना काठी देऊन कावळे हाकायला बसवायचे, आणि ते खोटं खोटं काम नव्हतं, डुलकी लागली तर पापड खरंच जायचे. पापडाच्या लाट्या खायला मिळायच्या तो भाग वेगळा. "आजीच्या हाताखाली शिकली" असं आपण म्हणतो ना, तो हाताखाली शब्द फार नेमका आहे. हात वर असतो, पण काम खालचा हात करतो.

एक फसलेला प्रयोगही सांगून टाकते. फ्रिजवर मी स्टारचा चार्ट लावला होता, गादी आवरली १ स्टार, ताट उचललं १ स्टार. पहिला आठवडा झकास. दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं जरा पाणी आण रे, तर म्हणाला, "किती स्टार?" यावर १९७३ चा प्रसिद्ध प्रयोग आहे, मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना चित्रासाठी सर्टिफिकेट मिळेल असं आधीच कबूल केलं, दिलंही, आणि पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्र काढायला इतरांच्या निम्मीच वळली. ज्यांना अचानक सर्टिफिकेट मिळालं त्यांचं तसं झालं नाही. चार्ट मी गुपचूप उतरवला. त्याने दोन दिवस चौकशी केली, मग विसरला.

सुट्टीभरात सवय लागेल का असं मैत्रिणी विचारतात. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर पाहिलं होतं, सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. ती मोठी माणसं होती, मुलं नव्हे. आपली सुट्टी दीडेक महिन्याची, त्यामुळे जूनमध्ये हॉर्न वाजेल तेव्हा थोडं कच्चंच असणार. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं होतं, आणि मला त्यातलं तेच सगळ्यात आवडलं.

मात्र एका ठिकाणी मी हात काढत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दही आणायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. "आम्ही तुझ्या वयाचे असताना एकटे जायचो" हे आजोबांचं वाक्य तयार असतं, पण तेव्हा त्या रस्त्यावर सायकली होत्या. जॉन वॅन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची नजर तपासली. गाडी जवळ येतेय हे आपल्याला कळतं ते डोळ्यातली तिची प्रतिमा मोठी होत जाते म्हणून. गाडी जितकी वेगात, तितकी आपल्यापर्यंत पोचायच्या ५ सेकंद आधी ती लांब असते, ताशी ३२ किलोमीटरला सुमारे ४५ मीटर, त्यामुळे तिची प्रतिमा फार हळू फुगते. साधारण याहून जास्त वेगाने येणारी गाडी ५ सेकंदांवर असताना ती पुढे सरकतेय हे या मुलांना खात्रीने ओळखता आलं नाही. ती बेफिकीर नव्हती, त्यांना तो फरक दिसतच नव्हता. धीट मुलालाही दिसणार नाही.

म्हणून आम्ही फुटपाथच्या कडेला उभे राहतो, त्याच्या एका हातात दह्याची बरणी आणि दुसरा माझ्या हातात, आणि ठरवायचं त्याने. तो मोठ्याने म्हणत असतो, "आता नाही, आता नाही, रिक्षा आहे, आता नाही..." परवा म्हणाला "चल!" आणि लांबून एक बाईक येत होती. मी जागची हलले नाही. बाईक सुसाट गेली, त्याने माझ्याकडे वर बघितलं, बरणी काखेत नीट धरली आणि परत सुरू केलं, "आता नाही... आता नाही..."