जलघसरगुंडी : थरार व रचना

जलघसरगुंडी : उंचावरून उतरणाऱ्या गुळगुळीत पन्हळीतून किंवा बंद नळीतून, वाहत्या पाण्याच्या थरावर माणसाला घसरत खाली आणणारी करमणुकीची रचना. माणूस पाठीवर पडून येतो, चटईवर पालथा येतो किंवा फुगवलेल्या ट्यूबमध्ये अथवा तराफ्यात बसून येतो. 'वॉटर स्लाइड' या नावाने ती अधिक परिचित आहे. माणसाला कोठे पोहोचविणे हे तिचे काम नाही. भीती वाटू देणे आणि ती सुखरूप ओसरू देणे एवढ्यासाठीच ती बांधली जाते. त्यामुळे तिच्या वक्रतेचा व उताराचा विचार थराराच्या मानसशास्त्रापासून वेगळा करता येत नाही. प्रस्तुत नोंदीत दोन्हींचा एकत्र परामर्श घेतला आहे.

पूर्वेतिहास : घसरण्याच्या करमणुकीचा उगम बहुतेक लेखक रशियातील बर्फाच्या टेकड्यांत शोधतात. हिवाळ्यात लाकडी सांगाडा उभारून त्याच्या उतारावर पाणी ओतून ते गोठू देत आणि स्लेजवर बसून खाली येत. ही प्रथा साधारणपणे सतराव्या शतकापर्यंत मागे नेली जाते; अठराव्या शतकात सेंट पीटर्झबर्गच्या परिसरात ती चांगलीच रुळली होती. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने ओरानियनबाउम येथे बर्फाविना, चाकांच्या गाडीवरून वापरता येणारी घसरण बांधून घेतली. तिचा आंतोन्यो रिनाल्दी याने रचलेला मंडप अद्याप उभा आहे. १८१७ पर्यंत ही करमणूक पॅरिसला पोहोचली होती. या परंपरेतून थेट निपजला तो रोलर कोस्टर. जलघसरगुंडीही तिचीच शाखा मानण्याचा प्रघात असला, तरी तो सैल वाटतो.

दुसरी वंशावळ नावांच्या घसरणीची सांगितली जाते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथे १८८४ मध्ये सपाट तळाची नाव लाकडी उतारावरून नदीत सोडण्याची करमणूक सुरू झाली. पॉल बॉयटन याने ती शिकागोस व १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील आपल्या उद्यानात नेली आणि लोकप्रिय केली. १९२३ मध्ये मिनेसोटातील हर्बर्ट सेल्नर याने तळ्याकाठच्या उतारावरून फळी सोडून ती पाण्याच्या पृष्ठभागावर दूरवर घसरत जाईल अशी योजना केली. जलघसरगुंडीचा जनक म्हणून त्याचे नाव अनेकदा घेतले जाते. मात्र बॉयटनच्या नावेत काय किंवा सेल्नरच्या फळीत काय, पाणी भेटते ते उतार संपल्यावर. आजच्या जलघसरगुंडीत पंपाने वर चढविलेले पाणी उतारभर वाहत राहते आणि तेच वंगणाचे काम करते. ही कसोटी लावल्यास तिचा खरा आरंभ १९७० च्या दशकात, फायबरग्लासच्या साच्यातून काढलेले पन्हळीचे तुकडे बोल्टने जोडून हवे तसे वळण देता येऊ लागले तेव्हा झाला, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

पहिले वॉटर पार्क कोणते, यावरही एकमत नाही. कालक्रम पाहिला तर फ्लॉरिडातील डिझ्नी संकुलात १९७६ मध्ये उघडलेले 'रिव्हर कंट्री' आधीचे ठरते. व्यवसायातील मंडळी मात्र सीवर्ल्डच्या संस्थापकांपैकी एक जॉर्ज मिले याने १९७७ मध्ये ऑर्लँडो येथे काढलेल्या 'वेट अन वाइल्ड'ला हा मान देतात. 'रिव्हर कंट्री'ची घडण खेड्यातील पोहण्याच्या डोहाची होती व घसरगुंड्या त्याला पूरक होत्या. मिलेच्या उद्यानात पाण्यातील खेळ हाच स्वतंत्र धंदा होता. घसरगुंडीच्या इतिहासापुरते दुसरे मत जवळचे वाटते. तारखेच्या दृष्टीने पहिले निर्विवाद आहे.

थराराचे मानसशास्त्र : जत्रेतील पाळण्यांसारख्या थराराचे जुने व आजही उपयोगी पडणारे विश्लेषण मनोविश्लेषक मायकेल बालिंट याने १९५९ मध्ये केले. त्याच्या मते तेथे तीन गोष्टी एकत्र येतात : बाहेरच्या धोक्याची थोडीतरी जाणती भीती, त्या भीतीला आपण होऊन सामोरे जाणे आणि आपण सुखरूप परतू हा भरवसा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉजे काय्वा याने १९५८ मध्ये खेळांचे चार वर्ग पाडले. त्यांतील एक भोवळीचा, म्हणजे क्षणभर तोल व भान हरपू देण्याचा आहे. जलघसरगुंडी त्यात चपखल बसते.

मापनाची बाजू मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन याने उभी केली. माणसाला अंधाऱ्या, निःशब्द खोलीत ठेवून संवेदना तोडण्याचे जे प्रयोग १९५० च्या दशकापासून झाले, त्यांत काही जण लवकर अस्वस्थ होतात असे दिसले. हा फरक टिपण्याच्या खटपटीतून १९६४ मध्ये संवेदनशोधाची, म्हणजे नव्या व तीव्र अनुभवांच्या ओढीची, मापनश्रेणी तयार झाली. तिच्या १९७८ च्या आवृत्तीत ४० प्रश्न असून थरार व साहस, नवा अनुभव, संकोचमुक्ती आणि कंटाळ्याची चीड असे चार घटक वेगळे मोजले जातात. थरार–साहस हा घटक पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात व ऐन तारुण्यात सर्वाधिक असतो आणि पुढे उतरतो. पुरुषांचे गुण सरासरीने अधिक येतात. परंतु या घटकापुरता स्त्री-पुरुषांतील फरक गेल्या काही दशकांत कमी होत आला आहे. या श्रेणीवरचा मुख्य आक्षेप जेफ्री आर्नेट याने १९९४ मध्ये मांडला. गिर्यारोहणासारख्या दमछाकीच्या गोष्टींविषयी विचारले, की उत्तरात आवड किती आणि वय व अंगातली ताकद किती हे कळत नाही. त्याने नावीन्य व तीव्रता हे दोनच घटक ठेवले. जलघसरगुंडीच्या बाबतीत ही विभागणी विशेष सोयीची आहे, कारण तिचे नावीन्य दुसऱ्या फेरीतच कमी होते, तीव्रता मात्र उताराने ठरलेली असल्याने फारशी घटत नाही.

हा स्वभाव कितपत उपजत? डेव्हिड फुल्कर, हान्स आयझेंक व झुकरमन यांच्या १९८० मधील जुळ्यांच्या अभ्यासात त्यातील सुमारे ५८ टक्के तफावत आनुवंशिक असल्याचे अनुमान निघाले. १९९६ मध्ये डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या एका ग्राहीचे (ते टिपणाऱ्या रेणूचे) जनुक नावीन्यशोधाशी जोडणारे दोन निबंध प्रसिद्ध झाले व 'थराराचे जनुक' सापडल्याचा बराच गाजावाजा झाला. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत हा संबंध नीटसा टिकला नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, पण तो अनेक जनुकांत विखुरलेला, असे मानणे आज सयुक्तिक ठरते.

स्वभाव कोणताही असो, एकच धडधड एकाला मजा व दुसऱ्याला छळ का वाटते, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ मायकेल ॲप्टरच्या मांडणीत अधिक समाधानकारक मिळते. त्याच्या मते शरीराची उत्तेजना तीच असली, तरी भोवती 'संरक्षक चौकट' असल्याची खात्री असेल तर ती उल्हास ठरते. चौकट तुटल्यासारखी वाटली की तीच उत्तेजना क्षणात चिंतेत पालटते. जिन्याच्या माथ्यावरील कठडा, रक्षकाची शिट्टी आणि आधी गेलेला माणूस खालच्या हौदातून हसत बाहेर येताना दिसणे हे सारे या चौकटीचे भाग आहेत. चौकट अजिबात न जाणवली तर लोक परत फिरतात; फार जाणवली तर थरार उरत नाही.

जिन्यावरील वाट पाहणे हाही अनुभवाचाच भाग होय. सेमोर एप्स्टाइन व वॉल्टर फेन्झ यांनी १९६० च्या दशकात पॅराशूटने उडी घेणाऱ्यांची पाहणी केली. नवख्यांच्या हृदयाचे ठोके व श्वसन उडीच्या क्षणापर्यंत चढत गेले. अनुभवी लोकांत मात्र ते बरेच आधी शिखर गाठून उडीपूर्वी उतरू लागले. रिचर्ड सॉलोमन व जॉन कॉर्बिट यांनी १९७४ मध्ये याच प्रकारच्या माहितीवरून असे प्रतिपादिले, की पुनरावृत्तीने मूळची भीती क्षीण होते आणि तिच्या मागोमाग येणारा विरुद्ध भाव, म्हणजे सुटकेचा आनंद, बळावतो. धापा टाकत हौदाबाहेर आलेले मूल लगेच पुन्हा जिन्याकडे धावते, ते यामुळेच असावे.

रचना व गतिकी : घर्षण नाहीच असे मानले, तर १० मी. उंचीवरून उतरणाऱ्याचा वेग सेकंदाला १४ मी., म्हणजे ताशी सुमारे ५० किमी. होईल. प्रत्यक्षात पाण्याचा थर, त्वचा, पोहण्याचा पोशाख आणि वळणे मिळून त्यातला बराच भाग खातात. ही मर्यादा ध्यानात ठेवल्यास जाहिरातींतील आकडे पारखता येतात. ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील 'इन्सानो' (१९८९) ही ४१ मी. उंच असून तिच्यावर ताशी १०५ किमी. वेग मिळतो, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. परंतु स्थिर अवस्थेतून ४१ मी. खाली येणाऱ्याला घर्षणाविनाही ताशी १०२ किमी.च्या पुढे जाता येत नाही. तो आकडा जपूनच वापरावा.

तरीही थरार केवळ वेगाचा नसतो. आंतरकर्णातील सूक्ष्म खडे शरीराला जाणवणाऱ्या वजनातील बदल टिपतात. पोटात गोळा येतो तो वेगामुळे नव्हे, तर वजन अचानक घटल्यामुळे. अंधारी नळी पुढचे वळण लपविते आणि अंदाज बांधण्याची सोय काढून घेते. नळीत भिंत अगदी जवळून सरकत असल्याने तोच वेग उघड्या पन्हळीपेक्षा जास्त भासतो. पायाखालची फळी अचानक निघून जाणारा कुपीसारखा कक्ष याच्या पुढचा : जायचे की नाही हे माणूस ठरवतो, नेमके केव्हा हे त्याच्या हाती राहत नाही. या सर्व युक्त्यांत धोका जवळजवळ न वाढविता भीती वाढते, म्हणून रचनाकाराच्या दृष्टीने त्या सर्वांत मोलाच्या.

याउलट उंचवटा. पन्हळीचा उतार मध्येच वर उचलून पुन्हा खाली सोडला, की माथ्यावर शरीर हलके होते. वेगाच्या वर्गाला वक्रतेच्या त्रिज्येने भागून येणारे त्वरण गुरुत्वत्वरणाहून कमी असेपर्यंत शरीर पन्हळीला टेकून राहते. बरोबरीला आले की ते सुटते. माथ्याची त्रिज्या १२ मी. असेल, तर सेकंदाला १० मी. वेगाने जाणाऱ्याचे जाणवणारे वजन मूळच्या सुमारे १५ टक्के उरते. हा उत्तम थरार होय. पण तोच सेकंदाला ११ मी. वेगाने आला तर हवेत उडतो. वेगातील दहा टक्के फरक येथे सगळे अंतर संपवितो. वेग तर बसणाऱ्यांच्या वजनावर, पाण्याच्या प्रवाहावर आणि तराफ्याच्या तळाच्या झिजेवरही बदलतो; जड तराफा हवेच्या व पाण्याच्या विरोधाला कमी दाद देतो व जोरात जातो.

अमेरिकेतील कॅन्झस सिटी येथे जुलै २०१४ मध्ये सुरू झालेली 'फेरुक्ट' ही ५१.४ मी. उंचीची घसरगुंडी तेव्हा जगात सर्वांत उंच होती. तिघांचा तराफा पहिल्या कड्यावरून खाली येऊन दुसऱ्या उंचवट्यावर पाण्याच्या झोताने ढकलला जाई. चाचण्यांत वाळूच्या पोत्यांसह तराफे त्या उंचवट्यावरून उडाले. त्यानंतर उंचवटा फिरून बांधण्यात आला, वर कमानी व जाळी बसविण्यात आली आणि तिघांचे एकूण वजन सुमारे १८१ ते २४९ किग्रॅ. असावे असा नियम झाला. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तराफा उडून त्यातील दहा वर्षांचा मुलगा कमानीवर आदळला व मृत्यू पावला. घसरगुंडी बंद झाली आणि २०१८ मध्ये पाडण्यात आली. त्याच वर्षी दाखल झालेले आरोप पुराव्याच्या मांडणीतील दोषांमुळे २०१९ मध्ये न्यायालयाने रद्द केले. तांत्रिकदृष्ट्या निष्कर्ष स्पष्ट आहे. त्रिज्येची चूक जाळीने दुरुस्त होत नाही. येथे जाळीच्या आधाराची कमानच घातक ठरली. बसणाऱ्याला जी वस्तू संरक्षक चौकट म्हणून दिसत होती, तीच धोक्याचे स्थान होती.

उभ्या वर्तुळाची कथा त्याआधीची. न्यू जर्सीतील ॲक्शन पार्कने १९८५ मध्ये बंद नळीला संपूर्ण उभे वर्तुळ दिले. ते जेमतेम महिनाभर चालले असे म्हणतात. वर्तुळ तंतोतंत गोल असेल आणि माथा कसाबसा ओलांडण्यापुरताच वेग असेल, तरी तळाशी शरीराला वजनाच्या सहापट भार जाणवतो. वेग किंचित कमी पडला तर माणूस माथ्यावरून खाली कोसळतो. २००८ मध्ये स्लोव्हेनियातील मोराव्स्के तोप्लिसे येथे सुरू झालेल्या नव्या प्रकारात वर्तुळ तिरपे केले आहे. त्यात भार बेताचा राहतो. वर न पोहोचू शकलेल्यास बाहेर काढण्यासाठी नळीला दार ठेवलेले असते.

साध्या वळणांना बाजूची भिंत उंच लागते. सेकंदाला ८ मी. वेग व ४ मी. त्रिज्या असेल, तर घसरणारा आपोआप जवळजवळ ५८ अंशांपर्यंत भिंतीवर चढतो. वळण संपताच तो झोके घेतो. म्हणून पुढचे वळण विरुद्ध बाजूस असल्यास मध्ये पुरेसा सरळ भाग ठेवावा लागतो. तुकड्यांच्या सांध्यात खालच्या बाजूचा तुकडा वरच्यापेक्षा तसूभरही उंच चालत नाही. त्या कडेने पाठ सोलली जाते.

पाठीवर झोपून, घोटे एकमेकांवर आणि हात छातीवर घेण्याची सक्ती शिस्तीपुरती नसते. शेवटच्या सपाट भागात शरीर पाण्यात घुसून थांबते, तेव्हा पाय फाकलेले असल्यास दाबाखालचे पाणी शरीराच्या पोकळ्यांत शिरून आतील अवयवांना इजा होते. अशा इजांची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. युरोपात ईएन १०६९ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ२३७६ ही मानके या रचनांना लागू असून बसण्याची स्थिती व दोघांमधील अंतर यांविषयीच्या सूचनाही अशा नियमांत समाविष्ट असतात.