‘ह्याला काय हवंय?’ हे ह्यालाच विचारायला एवढा वेळ का लागला

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, आणि दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे अजून मलाच विचारतात, ह्याला काय हवंय? तो बाजूलाच उभा असतो. ही सवय कुठून आली ते शोधत गेले तर बरंच मागे जावं लागलं.

मुंबईत हे काम आईबापांनी उभं केलं, ते मान्यच करायला हवं. १९४४ मध्ये होरमसजी आणि जेरबानू वकील यांनी आपल्या दीनासाठी, तिला डाउन सिंड्रोम होता, शाळा काढली, तीच आजची शिवडीची जय वकील. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुलगी मालिनीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं, होती म्हणून स्पास्टिक्स सोसायटी ही संस्था सुरू केली. सरकारकडे काहीच नव्हतं तेव्हा ह्या लोकांनी केलं, पण त्यामुळे झालं असं की बोलणारे कायम आईवडील, शिक्षक, ट्रस्टी, आणि ज्यांच्यासाठी चाललंय ते चाळिशीला आले तरी 'मुलं'च.

बाहेर साठच्या दशकात स्वीडनमध्ये बौद्धिक दिव्यांग तरुणांचे क्लब निघाले, ते स्वतः मीटिंग घ्यायला लागले, मग १९७४ ला अमेरिकेत ओरेगॉनमधल्या सेलम गावात काही जण जमले, त्यातले बरेच आधी मोठ्या सरकारी संस्थेत राहिलेले. आमच्यावर मारलेला शिक्का नंतर, आधी आम्ही माणसं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून नाव ठेवलं पीपल फर्स्ट. तिथून सेल्फ ॲडव्होकसी पसरली. म्हणजे स्वतःसाठी स्वतः बोलणं, आणि आपल्यासारख्या इतरांसाठीही.

आपल्याकडे त्याच्या वीस वर्षांनंतर काय चाललं होतं ते लिहिताना हात जड होतो. फेब्रुवारी १९९४, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद म्हणून ठेवलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ऑपरेशन करून काढली, कारण काय तर पाळीच्या दिवसांत स्वच्छता ठेवता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या म्हणून ते बाहेर तरी आलं, पण त्या सगळ्या वादात त्या मुलींना कोणी काय विचारलं? मला कुठेच सापडलं नाही.

१९९५ च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, ऑटिझम वेगळा धरलाच नव्हता. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्ट कायदा आला, त्यात पालकत्वाची सोय झाली, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावरही कायदेशीर पालक. आईबापांना त्याने खरंच आधार मिळाला, आमच्या आईलाही, पण सही पुन्हा दुसऱ्याचीच. त्याच सुमारास मुंबईत मिठू अलूर यांचीच मुलगी मालिनी चिब, जी एका करंगळीने टाइप करून झेवियर्समधून पदवीधर झाली, तिने दिव्यांगांचा स्वतःचा हक्क गट काढला. माझ्या मते आपल्या शहराचं खरं वळण ते.

मग २००७ ला भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मंजूर केला. २००९ ला सुप्रीम कोर्टाने चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका बौद्धिक दिव्यांग बाईच्या बाजूने निकाल दिला, तिला मूल हवं होतं आणि तिच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे तिचं मत हे मत धरलं गेलं. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि मर्यादित पालकत्व आलं, निर्णय पालक आणि तो माणूस दोघांनी मिळून, त्या माणसाची इच्छा काय आहे ते बघून. बँकेच्या काउंटरवर मात्र हे अजून पोचलेलं नाहीये, आम्हाला एका शाखेतून 'कायदेशीर पालकाला घेऊन या' म्हणून परत पाठवलं होतं.

स्वतःसाठी बोलणाऱ्यांचे असे गट आता वाढतायत, 'परिवार' ह्या पालकांच्या देशव्यापी संघटनेच्या आधाराने सेल्फ ॲडव्होकेट्स फोरम ऑफ इंडियाही उभा राहिलाय. असा गट चालवायला सोप्या भाषेतले कागद, चित्रं, भरपूर वेळ, आणि मदतीला असा एक माणूस लागतो जो मध्ये तोंड घालत नाही, हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

गेल्या महिन्यात भावाच्या गटात मीटिंग चालवायची पाळी त्याची होती. पहिला विषय लोकलचा दिव्यांगांचा डबा, कारण ह्यांचं अपंगत्व दिसत नाही म्हणून लोक उतरवतात, कार्ड दाखवलं तरी हुज्जत घालतात. त्याने कार्डाचा आणि गाडीचा फोटो फळ्यावर लावला, आणि आम्हा घरच्यांना सांगितलं, तुम्ही बाहेर बसा.