जिंकलो, की जिंकलो आहोत?

११ फेब्रुवारी २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रयोगाचे संचालक डेव्हिड राइट्झी पत्रकारांपुढे म्हणाले, ‘वुई हॅव डिटेक्टेड ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्ज. वुई डिड इट!’ गुरुत्वीय लहरी सापडल्या होत्या १४ सप्टेंबर २०१५ला. म्हणजे घटना पाच महिने जुनी, तरी पहिल्या वाक्यात ‘हॅव’. त्याच दिवशी जाहीर झालेल्या शोधनिबंधाचा सारांश मात्र ‘ऑन सप्टेंबर १४, २०१५’ असा सुरू होतो, सेकंदापर्यंत वेळ देतो आणि मग क्रियापद येतं साधं ‘ऑब्झर्व्ह्ड’. शोध तोच, दिवस तोच, काळ मात्र दोन.

नुकत्याच संपलेल्या क्रियेसाठी प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लावून होणारा काळ, असं शाळेत घोकून घेतात. ते अर्धंच खरं. हा काळ घड्याळाकडे बघत नाही. घडून गेलेल्याचा आत्ताशी काय संबंध, एवढंच तो सांगतो. ऐकणाऱ्यांसाठी लहरींची बातमी त्या क्षणी ताजी होती, म्हणून ‘हॅव’ शोभला. जेम्स मॅककॉली या भाषाशास्त्रज्ञाने १९७१मध्ये या वापराला ‘हॉट न्यूज’ असंच नाव दिलं.

पण वाक्यात तारीख किंवा ‘यस्टर्डे’ आला, की ‘हॅव’ने निघून जायचं. ‘टुडे’ चालतो, कारण आजचा दिवस अजून संपलेला नसतो. ही बंदी नेमकी का, यावर भाषाशास्त्रात बराच खल झालाय. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२मध्ये त्यावर ‘प्रेझेंट परफेक्ट पझल’ म्हणून निबंधच लिहिला. मराठीला असलं सोवळं नाही. ‘मी त्याला कालच भेटलोय’ आपण बिनधास्त म्हणतो. मग सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या हातून ‘वुई हॅव वन द मॅच यस्टर्डे’ लिहिलं जातं, यात नवल नाही. तिथे ‘वुई वन’ हवं.

अमेरिकन माणूस ताज्या विजयालाही ‘वुई जस्ट वन’ म्हणून मोकळा होतो; ब्रिटिश कानाला ‘वुई हॅव जस्ट वन’ बरं वाटतं. तरीही २० जुलै १९६९ला चंद्रावरून आर्मस्ट्राँग बोलले ते ‘दि ईगल हॅज लँडेड’. यान उतरलं आणि आता इथे उभं आहे, हे दोन्ही त्या ‘हॅज’मध्ये आलं. १८१३मध्ये ईरी सरोवरावरची लढाई जिंकून अमेरिकी नौदलाचे ऑलिव्हर पेरी यांनी कळवलं, ‘वुई हॅव मेट दि एनिमी अँड दे आर अवर्स’. शत्रूशी गाठ पडली, आता ते आमच्या ताब्यात. ‘हॅव’मधून वाक्य सरळ वर्तमानात उतरतं.

थेट समालोचनाची गोष्टच निराळी. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर धोनीचा षटकार गेला आणि रवी शास्त्री ओरडले, ‘इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर ट्वेंटी एट इयर्स!’ चषक तेव्हा कुणाच्या हातातही आला नव्हता. पण समालोचक डोळ्यांसमोरचं साध्या वर्तमानात सांगतो, आणि मथळेही तोच काळ उचलतात.

एकूण विजय मोजताना मात्र ‘हॅव’ परततो. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये ‘इंडिया हॅव वन द वर्ल्ड कप ट्वाइस’ बरोबर, कारण तिसरा अजून येऊ शकतो. ‘ब्रॅडमन हॅज स्कोअर्ड २९ टेस्ट सेंच्युरीज’ मात्र कानाला खटकतं. त्यांचं खातं बंद झालंय, तिथे नुसतं ‘स्कोअर्ड’.