पाटोडीचं बेसन आणि टाकीतली गुहा

पाटोडीसाठी बेसन घोटणाऱ्या नागपुरी आचाऱ्याचा हात कधी नीट पाहा. सराटा गंजाच्या मधोमध कधीच थांबत नाही. कडेला जातो, बूड खरवडतो, मध्येच उलटा फिरतो. एकाच जागी गरगर फिरवला, तर तेवढंच बेसन हलेल आणि बाकीचं खाली लागेल.

कारखान्यातल्या टाकीत पुष्कळदा नेमकं हेच होतं. मधोमध उभा दांडा, खाली पाती, वर मोटर. पाण्याला एवढं पुरतं. सॉस, रंग, मलम यांचा स्वभाव निराळा. ढवळलं की ते पातळ होतात, सोडलं की पुन्हा घट्ट. काही तर ठरावीक जोर लागेपर्यंत हलतच नाहीत. सॉसची बाटली उलटी करून थापटतो ती त्यासाठीच. कितीही ढवळलं तरी घट्टपणा तोच, या न्यूटनच्या साध्या नियमात न बसणारे म्हणून हे अ-न्यूटनीय द्रव.

अशा मालात पाती फिरली की त्यांच्याभोवतीचा भाग पातळ होऊन जोरात घुमतो. जरा दूर जोर कमी पडतो, तिथे माल घट्टच राहतो आणि त्यापलीकडे ढिम्म. या घुमणाऱ्या गोळ्याला अभियंते ‘गुहा’ म्हणतात. मोटरचा आवाज ऐकून सगळं ठीक चाललंय असं वाटतं, तीच फसगत. आइसक्रीमला दाटपणा देणारा झँथन गम टाकीतले जिवाणू बनवतात. गम वाढतो तसा माल दाटतो, आणि गुहेबाहेरचे जिवाणू ऑक्सिजनला मुकतात.

मग वेग वाढवा की! हिशेब ऐका. वेग दुप्पट केला, तर गुहेचा व्यास साधारण १.६ पट होतो. वीज मात्र जवळपास ८ पट लागते.

मुळात मोटर केवढी घ्यायची, हाच पेच होता, कारण घट्टपणा जागोजागी वेगळा. १९५७ मध्ये मेट्झनर आणि ओट्टो या रसायन अभियंत्यांनी तोडगा काढला. पात्यांजवळ द्रवाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा सरासरी वेग दर सेकंदाच्या फेऱ्यांच्या ठरावीक पट धरायचा. सपाट पात्यांच्या चक्रासाठी सुमारे ११ पट. त्या वेगाला माल किती घट्ट, ते प्रयोगशाळेत मोजायचं आणि मोटर ठरवायची. नागपुरात अमरावती रोडवरच्या एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, केमिकल शिकलेल्यांना ही नावं ओळखीची वाटतील.

मिसळण सुधारायची तर आचाऱ्याकडेच वळावं लागतं. टाकीच्या भिंतीलगत फिरणारी मळसूत्री पट्टी माल वर-खाली नेते. किंवा कडेला नांगराच्या आकाराचं संथ पातं आणि मध्ये छोटं वेगवान चक्र, अशी जोडी लावतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दांडा मध्यापासून थोडा बाजूला सरकवणं. संथ, घट्ट प्रवाहात मधोमधच्या दांड्याभोवती तीच ती वर्तुळं फिरत राहतात आणि त्यांतला माल बाहेर पडत नाही. दांडा सरकवला की ती वर्तुळं मोडतात. मध्येच फिरण्याची दिशा बदलली तरी फायदा होतो.

दांडा बाजूला गेल्यावर बेअरिंगवर आडवा भार येतो, एवढं सांभाळावं लागतं. तसा आचाऱ्याचा खांदाही लग्नसराईत दुखतोच.