गाडीने वाचलेली पाटी

भाच्याने नवी गाडी घेतली आणि पहिली लांब फेरी मामाच्या वाट्याला आली. वरळीहून कोस्टल रोडला लागलो. समोरच्या पडद्यावर लाल वर्तुळात ८० उमटले होते. ते बरोबरच होते, सरळ पट्ट्यात मोटारींना तेवढीच मर्यादा आहे. प्रियदर्शिनी पार्कपाशी बोगद्यात शिरलो, तरी ८०. बोगद्यात ६० हवे. मलबार हिलच्या पोटातले ते दोन किलोमीटर संपले, उजेड आला, आणि तेव्हा कुठे पडद्याला ६० आठवले.

"मामा, हिला पाटी वाचता येते असं शोरूमवाला म्हणाला होता."

"वाचली ना. जरा सावकाश वाचली."

त्या 'सावकाश'मध्ये बरेच विज्ञान दडलेले आहे. पण आधी एक गल्लत दूर करू. गाडीत वेगाबद्दल बोलणारी दोन वेगळी यंत्रे असतात. पहिले यंत्र आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचे आहे: ८० ओलांडले की थांबून थांबून बीप, १२० ओलांडले की अखंड. ओला-उबरमध्ये बसणाऱ्या मुंबईकराला ते फ्रीवेवर हमखास भेटते. ते जवळपास कधीच चुकत नाही, कारण त्याला बाहेरचे काहीच कळत नाही. सागरी सेतू असो की शाळेसमोरचा रस्ता, त्याचा आकडा एकच.

शिवाय ते ऐकते काट्याचे, आणि काटा थोडा चढवूनच सांगतो. स्पीडोमीटरसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतो. म्हणजे काटा ८० वर असताना गाडी खरे तर ६९ ने जात असली, तरी ते नियमात बसते. मोबाइलचा जीपीएस आणि गाडीचा काटा यांचे जमत नाही त्याचे कारण बहुधा हेच.

दुसरे यंत्र हुशार. आतल्या आरशामागे, काचेला चिकटून बसलेला कॅमेरा रस्त्याच्या पाट्या वाचतो. कसा वाचतो, याचे साधे गणित करून पाहू. पाटीचे वर्तुळ ६० सेंटिमीटर रुंद धरा. कॅमेऱ्याचे चित्र १२८० पिक्सेल रुंद, आणि त्याची नजर ५० अंशांत पसरलेली. साठ मीटरवरून ती पाटी त्या चित्रात जेमतेम १५ पिक्सेल व्यापते. एवढ्या ठिपक्यांत ३, ५, ६ आणि ८ वेगळे ओळखायचे. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ती पाटी मागे पडायला तीन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात शेजारून बस गेली, वायपर फिरला किंवा फांदी आडवी आली, की संधी गेली. कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर पाटीवर बांधलेला असेल, तर संधी आलीच नव्हती.

निव्वळ वाचनात मात्र यंत्राने माणसाला केव्हाच मागे टाकले आहे. जर्मनीतल्या रस्त्यांवरच्या ४३ प्रकारच्या पाट्यांची पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे गोळा करून २०११ मध्ये एक स्पर्धा झाली. तिथे सर्वोत्तम न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणे पाहून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीने, ९९.४६ टक्के पाट्या बरोबर ओळखल्या, माणसांनी ९८.८४ टक्के. मग प्रश्न संपला का? नाही. त्या छायाचित्रांत पाटी आधीच कापून, मधोमध ठेवून दिलेली होती. रस्त्यावर पाटी शोधण्यापासून सुरुवात असते, आणि सापडल्यावर त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो: ही पाटी माझ्यासाठी आहे का?

हायवेवरून जाताना बाजूच्या सर्व्हिस रोडची ४० ची पाटी कॅमेऱ्याला स्वच्छ दिसते. पुढच्या ट्रकच्या मागे वर्तुळात रंगवलेला ६० किंवा ८० हा त्या ट्रकपुरता असतो, पण कॅमेऱ्याच्या लेखी तीही पाटीच. अटल सेतूवर मोटारींना १०० आहे आणि चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. रॅम्पच्या तोंडाशी लावलेली पाटी सरळ जाणाऱ्यालाही दिसते. माणूस ती बघतो आणि सोडून देतो, कारण आपल्याला कुठे जायचे आहे हे त्याला ठाऊक असते.

आपल्याकडे लिपीचीही गंमत आहे. 'वेगमर्यादा ४०' असे देवनागरीत लिहिलेले फलक दिसतात. परदेशी पाट्यांवर तयार झालेल्या यंत्राला तो ४ म्हणजे वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठ वाटला, तर त्याला बोल कसा लावायचा? आपला १ पाहून नऊ वाचणारे पाहुणे आपणही पाहिले आहेत.

खोडसाळपणाची गोष्ट आणखी वेगळी. २०२० मध्ये मॅकॅफी या कंपनीच्या संशोधकांनी ३५ मैलांच्या पाटीवर, ३ च्या मधल्या रेघेला जोडून, पाचेक सेंटिमीटरची काळी चिकटपट्टी लावली. टेस्लाच्या २०१६ च्या गाडीतल्या कॅमेऱ्याने ती ८५ वाचली. माणसाला तो जरा विद्रूप ३५ च दिसत होता.

कॅमेरा असा घसरतो म्हणून त्याच्या जोडीला नकाशा देतात. जीपीएसने आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते ठरवायचे आणि त्या रस्त्याची नोंदवलेली मर्यादा उचलायची. कल्पना उत्तम, पण मुंबई हे शहर जणू तिची परीक्षा घेण्यासाठीच बांधले आहे. पी. डिमेलो रोडच्या डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे जातो, मोहम्मद अली रोडवरून जेजे उड्डाणपूल, लालबागला पुन्हा तेच. नकाशावर दोन्ही रस्ते एकाच रेघेत. जीपीएसला आडवी जागा बऱ्यापैकी कळते, उंची त्याहून कच्ची. त्यामुळे आपण माडीवर आहोत की तळमजल्यावर, हे गाडीला मागच्या वळणांवरून ताडावे लागते. लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि गाडी शेजारच्या गल्लीत असल्याचे भासते. बोगद्यात तर तो पोहोचतच नाही. तिथे चाकांचे फेरे मोजून अंदाजाने पुढे सरकायचे. आणि नकाशा मार्च २०२४ च्या आधीचा असेल, तर कोस्टल रोडवरची गाडी बराच वेळ अरबी समुद्रात पोहत असते.

पाटीही नाही आणि नोंदही नाही, अशा ठिकाणी काही यंत्रे रस्त्याच्या प्रकारावरून मर्यादा गृहीत धरतात. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत द्रुतगती महामार्गावर मोटारींना कमाल १२० आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर प्रत्यक्षात १००, घाटात त्याहून कमी. कायद्याचे पुस्तक वाचलेली गाडी इथे २० किलोमीटरने चुकते, आणि दंड गाडीला होत नाही.

मग अशा यंत्राला विश्वासार्ह कधी म्हणायचे? युरोपात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचे आहे. चालकाला ते बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तेही पुन्हा हजर. त्याच्या चाचणीत गाडी किमान ४०० किलोमीटर हिंडवतात, शहरात आणि बाहेर, दिवसा आणि रात्री. त्यातल्या ९० टक्के अंतरात पडद्यावरचा आकडा बरोबर असायला हवा. ऐकायला कडक वाटते, पण उरतात ते ४० किलोमीटर.

माझी तक्रार त्या चाळीसवर नाही, अंतर मोजण्यावर आहे. कोस्टल रोडच घ्या, साधारण साडेदहा किलोमीटरचा. ८० चा आकडा एकदा बरोबर वाचला, की पुढचे कित्येक किलोमीटर यंत्राने काहीच न करता गुण मिळतात. वळणाचे आणि रॅम्पचे ४० त्याला एकदाही दिसले नाहीत, तरी काहीशे मीटरच चुकतात. टक्केवारीला ओरखडाही जात नाही. आणि नेमके तिथेच कळायला हवे होते. ४० च्या वळणात ८० ने शिरणाऱ्या गाडीत चौपट ऊर्जा असते. या यंत्राच्या चुका रस्ताभर सारख्या विखुरलेल्या नसतात. जिथे मर्यादा बदलते तिथेच त्या गोळा होतात. म्हणून किलोमीटर नव्हे, बदल मोजावेत असे मला वाटते: वाटेत मर्यादा किती वेळा बदलली आणि त्यातल्या किती वेळा गाडीला ते वेळेवर कळले?

उलट बाजूची चूक, म्हणजे कारण नसताना ओरडणे, तशी निरुपद्रवी वाटते. पण लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण उगाच सांगत आलो नाही. सर्व्हिस रोडची पाटी वाचून हायवेवर चार वेळा बोंब मारणारी गाडी पाचव्यांदा खरे बोलली, तरी चालकाचा हात बटणाकडेच जातो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे अर्धवट भरवशाचे यंत्रही चालू राहिले तर उपयोगाचे असते. ते चालू राहावे इतपत शहाणे असणे, हीच अडचण.

परतताना भाच्याने बीप चालू ठेवले आणि बोगद्याच्या तोंडाशी मला पाटीवर नजर ठेवायला सांगितली. मी "साठ" म्हणालो, त्याने पाय सैल केला. पडद्यावर ८० होते. बोगदा अर्धा सरल्यावर तिथे दोन आडव्या रेघा आल्या, म्हणजे माहीत नाही. बोगद्यात ती गाडी पहिल्यांदाच खरे बोलली होती.