शंख, चक्र आणि १०२४ कप्पे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे बंधनकारक झाले असून, त्यासाठीची व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत मिळाली आहे. हे वाचून आमच्या परिसरातील एका शाळेने आठवीच्या मुलांसाठी दोन दिवसांचे शिबिर ठेवले आणि त्यातला बोटांच्या ठशांचा तास माझ्याकडे आला. कार्यक्रमपत्रिकेत ‘खुनी कोण?’ हा खेळ होता. फरशीवर खडूने काढलेली माणसाची आकृती आणि टोमॅटो सॉसचे रक्तही तयार होते. मुलांना ते आवडले असते यात शंका नाही, परंतु त्यातून विज्ञान फारसे हाती लागले नसते. म्हणून मी खडू पुसला आणि मुलांना शिसपेन्सिली काढायला सांगितल्या.

कागदावर पेन्सिल घासून दाट काळा चौकोन करावा, त्यावर बोट घोळवावे, बोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबावी आणि ती सोलून पांढऱ्या कागदावर चिकटवावी, म्हणजे ठसा स्वच्छ उमटतो. याच्या जोडीला शाईच्या पॅडवर बोट टेकवून घेतलेला ठसा ठेवला की एक गंमत दिसते: दोन्ही ठसे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. कागदावर शाईचा ठसा उलटा पडतो, तर पट्टीवरचा ठसा आपण तिच्या पाठीमागून पाहत असल्याने तो बोटावर आहे तसाच दिसतो. असे का होते, यावर वर्गात पंधरा मिनिटे वाद झाला, आणि माझ्या मते शिबिरातील ती सर्वांत मोलाची पंधरा मिनिटे होती.

ठशांचे मुख्य प्रकार मुलांना घरूनच ठाऊक असतात. रेषा गोल फिरून बंद होत असतील तर चक्र, एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परत जात असतील तर शंख, आणि नुसती लाट येऊन गेल्यासारखी दिसत असेल तर कमान. तीन दिशांनी आलेल्या रेषा जिथे भेटतात त्या जागेला डेल्टा म्हणतात. चक्रात असे दोन डेल्टा असतात, शंखात एक आणि साध्या कमानीत एकही नसतो. दहा चक्रे असलेला माणूस राजा होतो, हे आजीचे म्हणणे एका मुलीने सांगितले. आजीचे एक वेळ सोडून देता येईल, पण ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि दहावीनंतरची शाखा सांगणाऱ्या चाचण्या पालकांना पैसे घेऊन विकल्या जातात, त्यांचे काय? या रेषा गर्भावस्थेच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आकार घेतात आणि त्या वेळी बोटाच्या टोकावरील उंचवट्याचा आकार कसा होता यावर त्यांची नक्षी बरीचशी ठरते. गणितात रस असणे किंवा नसणे त्यात लिहिलेले नसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा तास मागून घेतला असता, तिच्याकडे येतो. १८९७ साली कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला तेव्हा खरी अडचण ठसे घेण्याची नव्हती, ते पुन्हा शोधण्याची होती. दहा बोटांचे ठसे घेतलेल्या हजारो पत्रिकांच्या ढिगाऱ्यातून एक पत्रिका काढायची कशी? बंगाल पोलिसांतील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी त्याचे उत्तर शोधले, जरी ती पद्धत त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. दहा बोटांना उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत १ ते १० क्रमांक द्यायचे आणि दोन-दोन बोटांच्या जोड्यांना अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ असे मूल्य द्यायचे. बोटावर चक्र असेल तरच ते मूल्य धरायचे, अन्यथा शून्य. सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज अंशस्थानी, विषम क्रमांकांची छेदस्थानी लिहायची आणि दोन्हींत १ मिळवायचा, म्हणजे एकही चक्र नसलेल्या माणसाच्या वाट्याला शून्य छेद शून्य येत नाही.

समजा, एका मुलाच्या उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या अंगठ्यावर चक्र आहे. अनामिका चौथी, तिचे ८; डावा अंगठा सहावा, त्याचे ४; म्हणून अंश १३. उजवा अंगठा पहिला, त्याचे १६. म्हणून छेद १७. पत्रिका १३/१७ च्या कप्प्यात जाईल. मूल्ये दुपटीने वाढत असल्यामुळे चक्रांच्या दोन वेगळ्या मांडण्यांची उत्तरे कधीच सारखी येत नाहीत. अंशाला ३२ आणि छेदाला ३२ शक्यता, एकूण १०२४ कप्पे. संगणक ज्या द्विमान पद्धतीवर चालतो तीच ही पद्धत, फक्त लाकडी कपाटात मांडलेली. अर्थात शंख चक्रांपेक्षा बरेच अधिक आढळत असल्याने कप्पे सारखे भरत नाहीत. १/१ मध्ये गर्दी होते आणि तिथे पुढचे उपविभाग करावे लागतात.

कप्पा सापडला म्हणजे माणूस सापडला असे मात्र नव्हे. ओळख ठरते ती रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा बारीक खुणांवरून, आणि अर्धवट पुसट ठशात तज्ज्ञही चुकतात. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेला ठसा एफबीआयने अमेरिकेतील एका वकिलाचा ठरवून त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवले; स्पॅनिश पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली.

हे सांगण्याआधी मी वर्गात एक ठसा फिरवून ‘हा कोणाचा?’ असे विचारले होते. मुलांनी पत्रिका पडताळून चौघांची नावे घेतली, आणि एकाबद्दल तर पूर्ण खात्री दिली. ठसा शाळेच्या शिपाईकाकांचा होता. त्यानंतर ज्याच्यावर आळ आला होता तो मुलगा सर्वांत आधी उठला आणि भिंगाखाली दोन्ही ठसे ठेवून फाटे मोजू लागला. तास संपल्यावर प्रत्येकाची पत्रिका त्याची त्याला परत केली, कारण मुलांचे ठसे शाळेच्या कपाटात राहण्याचे काहीच कारण नव्हते.